धान्याची नवी कोठी आणि घरातील माणसे

सणसरहून एका वाचकांचे पत्र आले आहे. जुन्या घरातील बळद पडले, नंतरची दोन वर्षे गहू पोत्यांत ठेवला तर त्याला सोंडे लागले, म्हणून यंदा सुगीनंतर दहा क्विंटलची नवी कोठी करण्याचा त्यांचा विचार आहे. 'कोठी पत्र्याची घ्यावी की विटांची बांधावी, आणि आत औषधाच्या किती गोळ्या टाकाव्यात?' असे त्यांनी विचारले आहे. प्रश्नाचा पहिला भाग एरवी गवंड्याला किंवा कृषी सहायकाला विचारण्याचा. दुसरा मात्र सरळ या सदराचा आहे. म्हणून दुसऱ्याचे उत्तर आधी देतो. गोळी एकही टाकू नये.

हे उत्तर अनेकांना रुचणार नाही याची मला कल्पना आहे. गव्हात गोळी टाकणे ही गेल्या तीस-चाळीस वर्षांत घरोघरची रीत होऊन बसली आहे. चिंधीत बांधलेली गोळी पोत्याच्या मध्यभागी खोचायची, तोंड शिवायचे आणि पोती माजघरात थप्पीला लावायची, हे इतक्यांनी केले आहे की त्यात काही धोका आहे असे कोणाला वाटतच नाही. ही गोळी म्हणजे अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईड. ती स्वतः किडा मारीत नाही. हवेतील ओलावा लागला की तिच्यातून फॉस्फीन नावाचा वायू सुटतो आणि तो वायू जे जे श्वास घेते त्याला मारतो. सोंडा आणि माणूस यांत तो फरक करीत नाही.

थोडा हिशेब मांडून पाहा. तीन ग्रॅम वजनाच्या एका गोळीतून सुमारे एक ग्रॅम वायू बाहेर पडतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि नऊ फूट उंच अशी खोली घ्या. तीत पाच पोती आणि पाच गोळ्या. सर्व वायू खोलीत पसरला तर हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे १४० भाग होतात. जेथे हा वायू वापरावा लागतो अशा ठिकाणी कामगारांसाठी आठ तासांची मर्यादा ०.३ भाग इतकी धरतात आणि ५० भागांपासून जिवाला तत्काळ धोका मानला जातो. वायू एकदम सुटत नाही, तो दोन-तीन दिवस हळूहळू सुटत राहतो, काही पोत्यातच राहतो, काही दाराच्या फटीतून जातो, हे खरे. पण थंडीच्या किंवा पावसाच्या दिवसांत दारे-खिडक्या लावून त्याच खोलीत अंथरुणे घातली तर पंचमांश वायूही पुरेसा होतो.

काही वर्षांपूर्वी एका कुटुंबातील चौघांना पहाटे माझ्याकडे आणले होते. आदल्या दिवशी ते लग्नाला जाऊन आले होते, त्यामुळे जेवणातून बाधा झाली असे सर्वांनी गृहीत धरले होते. चौघांनाही उलट्या होत होत्या, पण जुलाब कोणालाच नव्हते. मुले आईवडिलांपेक्षा जास्त अस्वस्थ होती, हातपाय गार पडले होते आणि नाडी लागत नव्हती. घरात काही औषध टाकले आहे का, असे विचारल्यावर आजीने सांगितले की दोन दिवसांपूर्वी गव्हात गोळ्या घातल्या आणि रात्रीपासून खोलीत लसणासारखा वास येत होता. मुले पोत्यांच्या शेजारी जमिनीवर झोपली होती, मोठी माणसे पलंगावर. हा वायू हवेपेक्षा किंचित जड असतो आणि लहान मूल त्याच्या वजनाच्या मानाने जास्त श्वास घेते. चौघांनाही लगेच मोठ्या रुग्णालयात हलविले. आईवडील व थोरला मुलगा काही दिवसांनी घरी आले. धाकट्या मुलीचे हृदय दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थांबले.

या विषावर उतारा नाही. सर्पदंशावर लस आहे, कीटकनाशकाच्या फवाऱ्याने विषबाधा झाली तर अ‍ॅट्रोपिन आहे, येथे तसे काहीच नाही. प्राणवायू देणे, रक्तदाब सांभाळणे, हृदयावर लक्ष ठेवणे एवढेच डॉक्टरांच्या हाती असते. वास येतो म्हणजे सूचना मिळते, असेही धरून चालू नये. लसूण किंवा सडलेल्या मासळीसारखा वास काहींना येतो, काहींना येतच नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे करीत नाही.

केंद्र सरकारने २००१ साली दहा व वीस गोळ्यांच्या नळ्यांचे उत्पादन, विक्री आणि वापर बंद केला. हे धुरीकरण सरकारी यंत्रणेने किंवा परवानाधारक संस्थेने, मान्यताप्राप्त तज्ज्ञाच्या देखरेखीखाली करावयाचे आहे. गोदामात, ताडपत्रीखाली, माणसांपासून दूर, त्याचा उपयोग आहे. तेथेही नंतर हवा खेळवून मगच आत जातात. तरी सुट्या गोळ्या कोठून तरी मिळतात आणि उरलेल्या फडताळात राहतात. घरात रागाचा, निराशेचा क्षण कोणावरही येऊ शकतो. त्या क्षणी ही गोळी हाताशी नसणे यासारखा दुसरा बचाव नाही. आपल्या घरी असतील तर त्या जाळू नयेत, पाण्यात टाकू नयेत, विहिरीत किंवा कालव्यात तर मुळीच नाही. डबी घट्ट बंद करून माणसे व गुरे नसलेल्या कोरड्या जागी, कुलपात ठेवावी आणि तालुक्याच्या कृषी कार्यालयाला विचारून त्यांच्या सांगण्याप्रमाणे विल्हेवाट लावावी.

गोळीबरोबर आणखी काही वस्तू निकालात काढल्या पाहिजेत. पूर्वी घरगुती कोठीसाठी इडीबीच्या काचेच्या कुप्या मिळत, सरकारी मोहिमेतूनही त्यांची शिफारस होई. जुन्या माहितीपुस्तिकेत आपल्याला ती सापडेल. त्यावरही २००१ पासून बंदी आहे. बीएचसीची पांढरी भुकटी, जिला लोक गॅमेक्सिन म्हणत, १९९७ पासून बंद आहे. एखाद्याच्या माळ्यावर जुनी पिशवी असेल तर ती धान्याजवळ आणू नये. बोरिक पावडर निरुपद्रवी असल्याचा समज आहे, तो चुकीचा आहे. गहू आपण धुऊन दळत नाही, त्यामुळे पावडर पिठात आणि पिठातून पोटात जाते. पारद टिकड्यांत पारा असतो. तो धान्याच्या डब्यात कशासाठी ठेवावा हे मला आजवर कळलेले नाही.

मग किडा लागू नये यासाठी करायचे काय? येथे कोठीचा प्रश्न येतो, आणि त्याहून आधी धान्याच्या ओलाव्याचा. ओलावा ताब्यात असेल तर बाकीची निम्मी कामे आपोआप होतात. गहू, ज्वारी, बाजरी कोठीत जाताना त्यांत १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओल असू नये. डाळी ९ ते १० टक्के आणि भुईमुगाच्या शेंगा ८ टक्क्यांच्या आसपास. बाजार समितीत आडत्याकडे ओलावा मोजण्याचे यंत्र असते, ओळखीने मूठभर धान्य तपासून मिळते. तेही नसेल तर एक साधी परीक्षा आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर धान्य आणि चमचाभर अगदी कोरडे मीठ घालून बाटली नीट हलवावी व दहा-पंधरा मिनिटे ठेवावी. मीठ काचेला चिकटले तर धान्य अजून ओले आहे, पुन्हा उन्हात घालावे. मीठ चिकटले नाही म्हणजे ओल १५ टक्क्यांच्या खाली आली एवढेच कळते, म्हणून त्यानंतरही आणखी एक-दोन उन्हे द्यावीत. दाताखाली दाणा कट्‌ आवाज करून तुटतो का, हे आपल्या आजीला यंत्राशिवाय कळत होते आणि त्यात फारशी चूक होत नसे. एक गोष्ट मात्र बरेचजण विसरतात. उन्हातून काढलेले गरम धान्य लगेच कोठीत भरू नये. रात्रभर सावलीत पसरून थंड करावे, नाहीतर रात्री कोठीच्या आतल्या बाजूला घाम सुटतो आणि वरचा थर भिजतो.

भिजलेल्या थराला बुरशी येते, आणि मला किड्यापेक्षा बुरशीची भीती जास्त वाटते. किडका गहू डोळ्यांना दिसतो, चाळून-पाखडून निघतो. बुरशीचे विष दिसत नाही. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा व गुजरातमधील पंचमहाल या जिल्ह्यांत कावीळ आणि पोटात पाणी होण्याची साथ आली. ३९७ माणसे आजारी पडली, त्यांतील १०६ दगावली. त्या घरांतील कुत्रीही त्याच आजाराने मेली. कारण शोधता ते मक्यात सापडले. अवेळी पावसात भिजलेला मका तसाच साठविलेला होता आणि त्यावर वाढलेल्या बुरशीने अ‍ॅफ्लाटॉक्सिन हे विष तयार केले होते. आपल्याला हे दूरचे वाटेल, तर १९९५ चे उदाहरण घ्या. त्या वर्षी दख्खनच्या पठारावरील काही गावांत कापणीच्या वेळी पावसात सापडलेली ज्वारी आणि मका खाल्ल्यावर लोकांना पोटात कळा, गुडगुड आणि जुलाब सुरू झाले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी त्याचा तपास केला; तेथे फ्युमोनिसिन हे बुरशीचे दुसरे विष आढळले. परतीच्या पावसात बाजरीची कणसे भिजणे किंवा फेब्रुवारी-मार्चच्या अवकाळीत शाळू काळा पडणे इंदापूर तालुक्याला नवीन नाही.

हे विष भाजून, तळून किंवा भाकरी थापून नाहीसे होत नाही. एकदम आजारी पाडण्याइतके ते क्वचितच पोटात जाते, पण थोडे थोडे वर्षानुवर्षे जात राहिले तर यकृतावर परिणाम होतो, आणि ज्याच्या शरीरात हिपॅटायटिस बी या काविळीचा विषाणू आहे त्याला यकृताच्या कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढतो. कायद्याने धान्यात अ‍ॅफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोला १५ मायक्रोग्रॅम ठेवली आहे, म्हणजे डोळ्याला, जिभेला कळण्यासारखी ही गोष्ट नव्हे. म्हणून काळे-हिरवे पडलेले, गुठळी झालेले, कुबट वास येणारे धान्य खाऊ नये. ते गाईला घालावे, असेही म्हणू नये. बारामती-इंदापूरकडे दुधाचा धंदा मोठा. अ‍ॅफ्लाटॉक्सिन गाईच्या पोटात गेले की त्याचा अंश दुधात उतरतो, आणि ते दूध शेवटी कोणाच्या तरी लेकराच्या वाटीत जाते. कुजके शेंगदाणे घाणीला देण्याची सवयही सोडावी.

आता कोठी. सणसरच्या पत्रलेखकांनी दहा क्विंटल म्हटले आहे, ते माप योग्य आहे. सहा माणसांच्या घरात माणशी रोज ४०० ग्रॅम धान्य धरले तर वर्षाला पावणेनऊ क्विंटल लागते. घनफुटाला गहू २१ किलोच्या आसपास मावतो. सव्वातीन फूट व्यासाची आणि सहा फूट उंचीची गोल कोठी केली की साधारण दहा क्विंटल बसतात. फार मोठी एकच कोठी करण्यापेक्षा ज्वारीला एक आणि गव्हाला एक अशा दोन लहान कोठ्या करणे मला अधिक पसंत आहे. एकीत काही बिघडले तर वर्षाची बेगमी जात नाही, आणि रिकामी झालेली आलटून-पालटून साफ करता येते.

पत्र्याची की विटांची, यात आरोग्याच्या दृष्टीने फारसा फरक नाही. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याची कोठी उंदीर कुरतडू शकत नाही आणि तिला ओल लागत नाही, पण ती उन्हात ठेवली तर दिवसा तापून व रात्री निवून आत घाम धरते. ती छपराखाली, भिंतीपासून हातभर अंतरावर असावी. तिला आतून रंग देऊ नये. जुन्या तेलरंगात शिसे असण्याची शक्यता असते. विटांची कोठी स्वस्त पडते व आत गारवा राहतो. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने पुसा कोठीचा नमुना फार पूर्वी दिला आहे. त्यात विटांच्या दोन थरांमध्ये जाड प्लास्टिकचा कागद सर्व बाजूंनी, तळाला आणि माथ्यालाही घालतात, त्यामुळे ओल आत येत नाही व हवा आतबाहेर होत नाही. यातली प्लास्टिकची पायरी गवंडी 'काय गरज आहे' म्हणून टाळतात. ती टाळू देऊ नये. विटांची कोठी बांधून झाली की पंधरवड्याने भरायची घाई करू नका. सिमेंटचा गिलावा कोरडा दिसला तरी आतून ओला असतो. निदान महिनाभर, शक्य तर एप्रिल-मेच्या उन्हाचा वारा लागू द्यावा आणि मगच भरावे.

पेवाचा विचार कोणी करीत असेल तर सणसरसारख्या गावात तो सोडून द्यावा. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने या पट्ट्यात जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर आली आहे, पेव कोरडे राहणार नाही. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवे प्रसिद्ध होती, तेथील मातीच तशी. जेथे जुनी पेवे आहेत तेथे एवढे लक्षात ठेवावे की बंद पेवातील धान्यही श्वास घेत असते. आतला प्राणवायू संपतो, कर्बवायू तळाशी साचतो आणि आत उतरलेला माणूस हाक न मारता पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. तोंड उघडून दिवसभर मोकळे ठेवल्याशिवाय उतरू नये. आत कोणी पडले तर बाहेरूनच दोर टाकून ओढावे. मोठ्या कोठीच्या बाबतीतही वरच्या झडपेला कुलूप हवे. खेळता खेळता मूल आत उतरले आणि झाकण पडले तर ओरडणे बाहेर ऐकू येत नाही.

कोठीचा ओटा अडीच ते तीन फूट उंच, गुळगुळीत गिलाव्याचा असावा. हा उंदरांचा बंदोबस्त आहे. अर्ध्या इंचाच्या भोकातून घुशीचे पिल्लू आणि त्याहून लहान फटीतून घरातला उंदीर आत जातो, म्हणून धान्य काढण्याच्या तोंडाला घट्ट बसणारे झाकण हवे. उंदीर खातो त्यापेक्षा नासवतो जास्त. त्याच्या मुतापासून लेप्टोस्पायरोसिस हा ताप होतो. पण धान्य, उंदीर आणि माणूस यांचे नाते खऱ्या अर्थाने दिसले ते १९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला या गावात. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर भीतीपोटी लोक घराबाहेर राहू लागले, धान्य मात्र रिकाम्या घरांत राहिले. तेथे उंदीर माजले. पुढच्या पावसाळ्यात उंदीर मरू लागले, पिसवा माणसांना चावू लागल्या, आणि जांघेत व काखेत गाठी येऊन ताप येणारे रुग्ण दिसू लागले. पुण्याने १८९७ मध्ये अनुभवलेला प्लेग पुन्हा चर्चेत आला. तेव्हा मेलेले उंदीर वारंवार दिसू लागले तर ते हाताने न उचलता आरोग्य केंद्राला कळवावे.

कोठी भरण्यापूर्वी जुने धान्य, कोपऱ्यातील भुसा, जाळी सर्व काढावे. कोरडे झाडू नये. उंदराच्या लेंड्यांवर आधी ब्लिचिंगचे पाणी शिंपडून मग पुसून काढावे आणि कोठी पुन्हा पूर्ण वाळू द्यावी. नाकाला पंचा बांधावा. ज्यांना दमा आहे त्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे. धान्याच्या धुळीने उठलेला दमा रात्री त्रास देतो. धान्य हाताळल्यावर अंगावर बारीक पुरळ उठून खाज सुटत असेल तर त्या धान्यात डोळ्यांना न दिसणारे कोळी जातीचे किडे आहेत असे समजावे. धान्याला ऊन द्यावे, कपडे गरम पाण्यात काढावेत. खताची किंवा औषधाची रिकामी पोती धुऊन घेतली तरी धान्यासाठी वापरू नयेत.

नीट वाळलेले धान्य हवाबंद कोठीत काठोकाठ भरले आणि झाकणाच्या फटी मातीने किंवा मेणाने लिंपल्या की आत राहिलेले किडे उरलेला प्राणवायू वापरून संपवितात व स्वतःही मरतात. आपल्या पूर्वजांचे पेव याच तत्त्वावर चालत होते, आणि आता मिळणाऱ्या तीन पदरी हवाबंद पिशव्याही. कोठी दर चार दिवसांनी उघडली तर मात्र हा उपाय फुकट जातो. म्हणून महिन्याचे धान्य एकदाच काढून डब्यात ठेवावे. कडुनिंबाचा पाला घालायला हरकत नाही, पण तो पूर्ण वाळलेला हवा. ओला पाला धान्याला ओल देतो, आणि वाळलेलाही किड्यांना मारीत नाही, थोडा दूर ठेवतो इतकेच. तूर, हरभरा, मूग यांना किलोला चहाचा एक चमचा खाद्यतेल चोळून ठेवावे, भुंग्याची अंडी त्यावर टिकत नाहीत.

कोणी तरीही गोळ्या वापरल्या आणि घरात उलटी, छातीत आवळल्यासारखे होणे, चक्कर, धाप किंवा फार बेचैनी एकापेक्षा अधिक माणसांना होऊ लागली तर जेवणावर संशय घेत बसू नये. सर्वांना लगेच मोकळ्या हवेत आणावे, दारे-खिडक्या उघडाव्यात, कपडे बदलावेत, गोळ्या काढायला पुन्हा आत जाऊ नये. १०८ ला फोन करावा आणि 'गव्हाच्या गोळीचा वायू' असे स्पष्ट सांगावे. लिंबू, ताक, मिठाचे पाणी यांत वेळ घालवू नये. बरे वाटू लागले तरी रुग्णालयात न्यावे, कारण हृदयावरचा परिणाम काही तासांनी दिसतो.

कोठी उघडण्याची वेळही महत्त्वाची आहे. आषाढात तुकोबांची पालखी सणसरला मुक्कामाला येते तेव्हा घरोघरी वारकऱ्यांच्या पंगतीसाठी पायली-पायलीने धान्य निघते, आणि हवा त्या दिवसांत दमट असते. पाऊस उघडलेला असताना, दुपारी ऊन पडल्यावर कोठी उघडावी, हवे तेवढे एकदम काढून झाकण पुन्हा लिंपावे. त्याच वेळी हात कोपरापर्यंत आत घालून पाहावा. धान्य बाहेरच्या हवेपेक्षा गरम लागले किंवा कुबट वास आला तर आत ओल किंवा किडा आहे. तेव्हा पहिले ऊन मिळेल त्या दिवशी सगळी कोठी रिकामी करून धान्य पसरावे.